साबुदाण्याच्या गाळातून गॅस

उपासाचा साबुदाणा प्रामुख्याने तमिळनाडूतल्या सेलम परिसरातून येतो. तिथे टॅपिओकाचे कंद सोलून, वाटून, गाळून त्यांचं दुधाळ पाणी टाक्यांत निवळत ठेवतात. स्टार्च तळाशी बसला की वरचं पाणी सोडून देतात. त्यात स्टार्चचे बारीक कण उरतात. ते साचून गाळ होतो, आंबतो आणि आंबूस घाण वास सुटतो.

हा गाळ हवाबंद टाकीत घातला, तर जिवाणू त्यापासून बायोगॅस तयार करतात. पण नुसता गाळ चालत नाही. स्टार्च झटपट कुजून आम्ल वाढतं आणि मिथेन तयार करणारे नाजूक जिवाणू मंदावतात. शिवाय गाळात कार्बन भरपूर, नायट्रोजन कमी. म्हणून त्यात शेण मिसळतात. शेणातून नायट्रोजन आणि जिवाणू मिळतात, आम्लताही आटोक्यात राहते. कार्बन नायट्रोजनच्या साधारण 20 ते 30 पट, सामू 7च्या आसपास आणि तापमान 35 अंश सेल्सिअस असलं की टाकी नीट चालते.

गॅसमध्ये साधारण 50 ते 65 टक्के मिथेन असतो. त्यातला हायड्रोजन सल्फाइड काढून टाकल्यावर हा गॅस कारखान्यातच साबुदाणा भाजायला जाळता येतो. उरलेली स्लरी शेताला खत म्हणून घालता येते.