दुखरं कोपर (लेखांक २) : सुई टोचण्याआधी

टेनिस एल्बोच्या बहुतेक रुग्णांनी रॅकेट कधी हातात धरलेली नसते, हे गेल्या आठवड्यात पाहिलं. कपडे पिळणं, पाना फिरवणं, तासन्‌तास माउस चालवणं, एवढं त्याला पुरतं. मग चहाचा कप उचलतानाही कळ येते आणि दवाखान्यात सल्ला मिळतो, ‘एक इंजेक्शन घेऊन टाका.’

हे इंजेक्शन बहुधा स्टिरॉइडचं असतं. त्याने आराम पडतो, आणि लवकर पडतो. नेदरलँड्समध्ये १८५ रुग्णांवर झालेल्या अभ्यासात (२००२) सहा आठवड्यांनी इंजेक्शनवाले ९२ टक्के रुग्ण बरे किंवा खूपच बरे होते. फिजिओथेरपीवाले ४७ टक्के आणि नुसती वाट पाहणारे ३२. पण वर्षभराने चित्र पालटलं. इंजेक्शनवाले ६९ टक्क्यांवर घसरले, फिजिओथेरपीवाले ९१ वर गेले आणि वाट पाहणारेसुद्धा ८३ वर पोहोचले! ऑस्ट्रेलियातल्या २०१३च्या अभ्यासात तर स्टिरॉइड घेतलेल्या ५४ टक्के रुग्णांचं दुखणं उलटलं. औषध नसलेली सुई घेतलेल्यांत हे प्रमाण १२ टक्के होतं.

असं का व्हावं? कोपराच्या बाहेरच्या हाडाला चिकटलेला स्नायूबंध इथे मुख्यतः झिजलेला असतो. सूज हा मूळ आजार नव्हे. स्टिरॉइड वेदना दाबतं, झीज भरून काढत नाही. दुखायचं थांबलं की माणूस लगेच भरलेली बादली उचलतो, ते वेगळंच. शिवाय सुईच्या जागी कातडी पांढुरकी पडू शकते, तिथली चरबी झिजून खड्डा पडू शकतो आणि मधुमेह्यांची साखर काही दिवस वाढते.

दुसरं इंजेक्शन पीआरपीचं. आपलंच रक्त यंत्रात फिरवून प्लेटलेट्सचा अंश वेगळा काढतात आणि कोपरात टोचतात. खर्च बराच. २०१०च्या डच अभ्यासात वर्षअखेर ते स्टिरॉइडपेक्षा सरस ठरलं आणि त्याचा बोलबाला झाला. पण तुलना कोणाशी होती? वर्षभरात मागे पडणाऱ्या औषधाशी. डेन्मार्कमध्ये पीआरपी, स्टिरॉइड आणि साधं सलाइन यांची गाठ घातली, तेव्हा तीन महिन्यांनी वेदनेत लक्षणीय फरक दिसला नाही. २०२१मध्ये कॉक्रेन संस्थेने ३२ चाचण्या एकत्र तपासल्या. पीआरपीचा रुग्णाला जाणवेल असा फायदा बहुधा होत नाही, हा त्यांचा निष्कर्ष.

बोटॉक्सही टोचतात. त्याने बोटं सरळ करण्याची ताकद काही काळ कमी होते. हाताच्या कामावर पोट असलेल्याला ते परवडणारं नाही.

सचिन तेंडुलकरला २००५ साली लंडनमध्ये शस्त्रक्रिया करून घ्यावी लागली, याची आठवण रुग्ण हमखास काढतात. तशी वेळ फार थोड्यांवर येते. बहुतेकांचं कोपर वर्षभरात आपोआप सुधारतं.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. पीआरपीवर पैसे घालू नका. स्टिरॉइड घ्यायचंच असेल, तर पुढचे काही आठवडे खरोखर अडत असेल तेव्हाच, आणि ‘वर्षभराने माझं कोपर कसं असेल?’ हे डॉक्टरांना विचारूनच घ्या. मधुमेह असेल तर तो आधी सांगा.

(पुढील आठवड्यात : स्नायूबंध बळकट करणारे व्यायाम)