चाकांवरचे घर आणि गंध नसलेला वायू

अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्याच्या वाळवंटात क्वार्टझाइट नावाचे छोटे गाव आहे. एरवी वस्ती जेमतेम काही हजारांची. पण जानेवारीत तिथे मोटरहोमचा मोठा मेळा भरतो आणि गावाभोवतीच्या माळरानावर चाकांवरच्या घरांच्या रांगाच रांगा लागतात. येणाऱ्यांत निवृत्तांचा भरणा मोठा. उत्तरेकडच्या राज्यांत आणि कॅनडात बर्फ पडू लागला की ही मंडळी दक्षिणेची वाट धरतात. म्हणून त्यांना ‘स्नोबर्ड’, म्हणजे हिवाळ्यात स्थलांतर करणारे पक्षी, म्हणतात.

मोटरहोम म्हणजे बसएवढ्या गाडीत बसवलेला छोटा फ्लॅटच. ओटा, फ्रीज, पलंग, बाथरूम, पाण्याची टाकी, गॅस, बॅटऱ्या आणि जिथे वीज नाही तिथल्यासाठी जनरेटर. इतकी यंत्रे एकत्र आली की काही ना काही बिघडतेच. मग मेकॅनिक शोधत बसण्यापेक्षा पाने-पक्कड घेऊन स्वतःच गाडीखाली शिरायचे, हा अनेकांच्या या छंदातला निम्मा आनंद असतो. हातपाय हलतात, डोके चालते, मेळ्यात नव्या ओळखी होतात. निवृत्तीनंतरच्या आरोग्याला हे सगळे पोषकच. पण याच घरात एक धोका असा आहे, की जो दिसत नाही, ज्याला वास नाही आणि ज्याची लक्षणे ‘वय झाले’ म्हणून सोडून दिली जातात. तो म्हणजे कार्बन मोनॉक्साइड.

रक्तातली घुसखोरी

पेट्रोल, डिझेल, गॅस, कोळसा, लाकूड यांपैकी कोणतेही इंधन अर्धवट जळले की हा वायू तयार होतो. श्वासावाटे तो रक्तात जातो आणि एरवी ऑक्सिजन वाहून नेणाऱ्या हिमोग्लोबिनला चिकटतो. त्याची ही पकड ऑक्सिजनच्या दोनशे ते अडीचशे पट घट्ट असते. त्यामुळे हवेत तो अगदी थोडा असला तरी तासा-दोन तासांत रक्तातली बरीच जागा अडवतो. छाती वरखाली होत असते, श्वास चालू असतो, पण पेशी मात्र उपाशी राहतात. सर्वांत आधी फटका बसतो तो मेंदूला आणि हृदयाला.

सुरुवातीची लक्षणे साधी असतात. डोके जड होणे, चक्कर, मळमळ, थकवा, बोलताना गोंधळ. आग लागण्याच्या घटना वगळूनही अमेरिकेत दरवर्षी चारशेहून अधिक लोक या विषबाधेने दगावतात, असे तिथल्या रोगनियंत्रण केंद्राची आकडेवारी सांगते. यातले काही मृत्यू झोपेतच होतात, कारण झोपलेल्या माणसाला डोके दुखू लागल्याचेही कळत नाही.

एका भोकाची गोष्ट

मोटरहोममध्ये हा वायू बाहेर टाकण्याची व्यवस्था मुळात नीट केलेली असते. जनरेटर बाहेरच्या बाजूला, वेगळ्या कप्प्यात असतो आणि त्याचा सायलेन्सर गाडीच्या कडेपलीकडे उघडतो. अडचण येते ती वापराने आणि दुरुस्तीने. हजारो किलोमीटरच्या हादऱ्यांनी सायलेन्सरचे क्लॅम्प सैल होतात, पाइपला गंजून चीर पडते. गाडीखालून जाणारा धूर मग वर येण्यासाठी वाट शोधू लागतो.

ती वाट बऱ्याचदा मालकाने स्वतःच करून दिलेली असते. छतावर सौर पॅनल बसवले, नवा इन्व्हर्टर जोडला, पाण्याची नळी बदलली की वायर किंवा नळी नेण्यासाठी जमिनीला भोक पाडले जाते. काम झाले, दिवा लागला, की भोकाभोवतीची बोटभर फट बुजवायची राहून जाते. पलंगाखाली किंवा कपाटामागे असल्याने ती पुन्हा दिसतही नाही. खोली बाहेर सरकवण्याची सोय असलेल्या गाड्यांत कडेच्या रबरी पट्ट्या कडक होऊन फाटतात. तीही तशीच एक फट.

दुसरी जागा गॅसवर चालणाऱ्या फ्रीजची. त्याच्या मागे एक छोटी ज्योत सतत जळत असते. गाडी काही महिने उभी राहिली की तिथल्या नळीत कोळी जाळे विणतात, कुंभारीण माशी मातीचे घर बांधते. हवा कमी पडली की निळी ज्योत पिवळी होते आणि काजळी धरू लागते. पिवळी ज्योत आणि काजळी या दोन खुणा पाहायला कोणतेही उपकरण लागत नाही.

शेजारच्या गाडीचा धूर

मेळ्यात आणखी एक गोष्ट घडते. आपला जनरेटर बंद असला तरी शेजारचा चालू असतो. गाड्या एकमेकींना खेटून उभ्या, त्याचा सायलेन्सर आपल्या खिडकीसमोर आणि वारा पडलेला. उघडी खिडकी एरवी सुरक्षितता वाढवते, पण अशा वेळी धूर आत यायला तीच कारणीभूत ठरते. दोन गाड्यांमध्ये कनात लावली, सायलेन्सरपुढे भिंत, उंच गवत किंवा बर्फाचा ढीग आला, तर धूर तिथेच साचतो. म्हणूनच अनुभवी प्रवासी गाडी लावताना आधी शेजाऱ्याच्या सायलेन्सरचे तोंड कुठे आहे ते पाहतात आणि झोपण्यापूर्वी जनरेटर बंद करतात.

ऑक्सिमीटरही फसतो

ज्येष्ठांच्या बाबतीत ही विषबाधा ओळखणे अवघड जाते. डोकेदुखी आणि मळमळीला रक्तदाब, साखर, प्रवासाचा शीण, बाहेरचे खाणे अशी कितीतरी कारणे हाताशी असतात. यलोस्टोनसारख्या ठिकाणी, जिथे बराचसा भाग दोन हजार मीटरहून उंच आहे, ‘उंचीचा त्रास’ हेही एक कारण पुढे येते. शिवाय विरळ हवेत जुन्या कार्ब्युरेटरच्या इंजिनात इंधन जास्त आणि हवा कमी पडते, त्यामुळे हा वायू वाढतो. ज्यांच्या हृदयाच्या रक्तवाहिन्या आधीच अरुंद झाल्या आहेत, त्यांना तुलनेने थोड्या वायूनेही छातीत दुखू शकते.

कोविडच्या काळात घरोघरी आलेला बोटाला लावायचा ऑक्सिमीटर इथे दिशाभूल करतो. कार्बन मोनॉक्साइडने व्यापलेले हिमोग्लोबिन त्या यंत्राला ऑक्सिजनने भरलेले वाटते. आकडा ९८ दिसतो आणि माणूस मात्र गुदमरत असतो. खरे चित्र कळते ते कार्बोक्सिहिमोग्लोबिनच्या रक्ततपासणीने.

मग संशय घ्यायचा कधी? दोघांनाही, किंवा सोबतच्या कुत्र्यालाही, एकाच वेळी त्रास होतो आहे का? गाडीबाहेर गेल्यावर बरे वाटते आणि आत आल्यावर पुन्हा डोके धरते का? उत्तर ‘हो’ असेल, तर कारण वयात नव्हे, गाडीतल्या हवेत शोधायला हवे.

उपचार म्हणजे ऑक्सिजन. साध्या हवेत हा वायू रक्तातून निम्मा व्हायला चार ते सहा तास लागतात. मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर हेच काम साधारण दीड तासात होते. वाचलेल्या काही रुग्णांत काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी विस्मरण, चिडचिड, चालीत बदल दिसू लागतो. त्याला स्मृतिभ्रंश समजण्याची चूक होऊ शकते. त्यामुळे आधीची विषबाधा डॉक्टरांना आवर्जून सांगावी.

आपल्यालाही परके नाही

हा प्रश्न फक्त अमेरिकेतल्या निवृत्तांचा नाही. मुलांकडे गेलेले मराठी आई-वडीलही आता तिथे मोटरहोम भाड्याने घेऊन फिरतात. महाराष्ट्राने २०२१ मध्ये कॅरव्हॅन पर्यटनाचे धोरण आणले. डिसेंबर २०२४ मध्ये केरळमधल्या वडकरा इथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरव्हॅनमध्ये दोन जण मृतावस्थेत सापडले. जनरेटरचा धूर आत शिरल्याचे तपासात पुढे आले. बंद न्हाणीघरातला गॅस गीझर, थंडीत दार लावून पेटवलेली शेगडी, गॅरेजमध्ये एसी लावून सुरू ठेवलेली गाडी, या सगळ्यांमागे हाच वायू असतो.

बचावाचे साधन स्वस्त आहे. कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म काही हजार रुपयांत मिळतो. अमेरिकी मानकानुसार हवेच्या दहा लाख भागांत ४०० भाग वायू असेल तर तो ४ ते १५ मिनिटांत वाजायला हवा. पण तोही म्हातारा होतो. आतला सेन्सर ठरावीक वर्षांनी निकामी होतो आणि बटण दाबल्यावर येणारा आवाज फक्त भोंगा शाबूत असल्याचे सांगतो. सर्वांत मोठी चूक म्हणजे ‘उगाच वाजतो’ म्हणून त्याची बॅटरी काढून ठेवणे.

हे लक्षात ठेवा

• अलार्म झोपण्याच्या जागेजवळ लावा. मागे छापलेली मुदत तपासा. स्वयंपाकाच्या गॅसगळतीचा अलार्म वेगळा असतो. तो गॅस हवेपेक्षा जड असल्याने तो अलार्म जमिनीलगत लावतात.

• प्रत्येक लांबच्या प्रवासाआधी सायलेन्सर, त्याचे क्लॅम्प आणि जोड पाहा. इंजिन थंड असतानाच हात लावा.

• वायर-नळीसाठी पाडलेले प्रत्येक भोक त्याच दिवशी सीलंटने बुजवा.

• गॅसची शेगडी ऊब मिळवण्यासाठी वापरू नका. कोळशाची शेगडी विझत आली तरी आत आणू नका.

• अलार्म वाजला किंवा शंका आली तर कारण शोधत बसू नका. सगळ्यांनी आधी मोकळ्या हवेत यावे आणि तिथून मदत बोलवावी. भारतात त्यासाठी ११२ किंवा १०८ हे क्रमांक आहेत.

गाडी स्वतः दुरुस्त करता येणे हे मोठे सुख आहे. काम संपल्यावर टॉर्च घेऊन पलंगाखाली एकदा वाकून पाहणे, हा त्या दुरुस्तीचाच शेवटचा भाग समजावा.