क्वाड्राजेट: उघडायचा की बदलायचा?

शेवरोलेच्या १९७३ ते १९८७ या काळातल्या चौकोनी अंगाच्या पिकअप अमेरिकेच्या खेड्यांतून अजून राबताना दिसतात. मागे उघडा हौदा असलेल्या या गाड्यांना तिथे ट्रकच म्हणतात. त्यांतल्या कितीतरी ३५० घनइंची व्ही-८ इंजिनांच्या डोक्यावर रोचेस्टर क्वाड्राजेट कार्बोरेटर बसलेला असतो. सकाळी स्टार्टर बराच वेळ फिरवावा लागतो, सिग्नलला इंजिन थरथरतं, पेट्रोलचा वास येतो. मग मालकापुढे प्रश्न उभा राहतो की आहे तोच कार्बोरेटर उघडून किट टाकायचं, की सरळ नवा आणायचा?

उत्तराआधी यंत्राची ओळख हवी. जनरल मोटर्सच्या रोचेस्टर प्रॉडक्ट्स विभागाने १९६५ साली क्वाड्राजेट आणला. त्याला चार घसे. पुढचे दोन लहान, तळाशी जेमतेम ३५ मिलिमीटरचे. मागचे दोन ऐसपैस, ५७ मिलिमीटरचे. रोजच्या चालीत फक्त पुढचे दोन काम करतात. घसा अरुंद म्हणून हवा वेगाने जाते, पेट्रोलचं तुषारात रूपांतर चांगलं होतं आणि गाडी पेडलला लगेच साथ देते. पेडल खोल दाबलं की मागच्या बटरफ्लाय झडपा उघडतात, पण त्यांच्यावर आणखी एक झडप असते, ती इंजिनाच्या ओढीप्रमाणेच उघडते. ती उघडताना दोन निमुळत्या सुया वर उचलल्या जातात आणि हवेच्या मापाने पेट्रोल वाढतं. इंजिनाने मागितलं तेवढंच द्यायचं, ही त्यातली खरी करामत. म्हणूनच एकाच घडणीचा कार्बोरेटर पाँटियाकच्या २३० घनइंची सहा सिलिंडरवर चालला आणि कॅडिलॅकच्या ५०० घनइंची व्ही-८ वरही.

तरी नाव बदनाम. पेडल दाबताच गाडी क्षणभर गुदमरते म्हणून त्याला ‘क्वाड्राबॉग’ म्हणून हिणवलं गेलं. बहुतेक वेळा कारण क्षुल्लक निघतं: वरच्या झडपेची स्प्रिंग कोणीतरी सैल केलेली असते, किंवा झडपेला आवरून धरणारा व्हॅक्यूमचा डायफ्राम फाटलेला असतो. झडप एकदम उघडते, हवा आत घुसते, पेट्रोल मागे राहतं. यात कार्बोरेटरचा दोष फार कमी.

त्याची खरी दुखणी वेगळी आहेत. पेट्रोलच्या वाटीतला फ्लोट फेसाळ प्लास्टिकचा. वर्षानुवर्षं पेट्रोल पिऊन तो जड होतो, पातळी चढते आणि इंजिन ओव्हर होतं. जुन्या घडणीत वाटीच्या तळाची बुचं झिरपतात. रात्रभरात पेट्रोल खाली उतरतं आणि सकाळी वाटी कोरडी. याची परीक्षा सोपी आहे. वाटी सोडवून कोऱ्या कागदावर ठेवावी, पेट्रोल भरावं आणि कागद ओला होतो का पाहावं. फ्लोट किरकोळ पैशांत नवा मिळतो, बुचं इपॉक्सीने बंद होतात. या दोन कारणांसाठी कार्बोरेटर भंगारात काढणं मला तरी उधळपट्टी वाटते.

थ्रॉटलच्या दांड्याचं मात्र तसं नाही. दांडा पोलादी आणि तो फिरतो ॲल्युमिनियमच्या भोकांत. लाखभर मैलांत भोकं अंडाकार होतात, तिथून इंजिन चोरून हवा खेचतं आणि आयडल कितीही जुळवलं तरी ठरत नाही. इथेच लोक फसतात. बाजारच्या किटमध्ये गॅस्केट, नीडल-सीट, ॲक्सिलरेटर पंप असतो. झिजलेल्या भोकाला त्याचा काही उपयोग नाही. भोक मोठं करून पितळी बुश बसवावा लागतो आणि ते खराद्याच्या हाताचं काम आहे. दुसरं, पेट्रोलची नळी जोडतो तिथले आटे. मधलं अंग मऊ जस्त-मिश्रधातूचं. कोणी जोर लावून नट आवळला की आटे गेलेच. आटे गेले आणि अंगाला तडाही असला, तर मी बदलाच्या बाजूने.

बदल म्हणजे बहुधा चौकोनी मांडणीचा, चारही घसे साधारण सारखे असलेला एडलब्रॉक १४०६, मिनिटाला ६०० घनफूट हवेचा. कार्बोरेटर चांगला, पण जुन्या मॅनिफोल्डवर तो थेट बसत नाही. मध्ये अडॅप्टर प्लेट येते, उंची वाढते, एअर क्लीनर बॉनेटला टेकू पाहतो, पेट्रोलची नळी नव्याने वाकवावी लागते. सर्वांत महागात पडते ती केबल. १९८२पासून आलेल्या ७००आर४ ऑटोमॅटिक गिअरबॉक्सला कार्बोरेटरवरून एक केबल जाते, तिच्यावर आतल्या तेलाचा दाब ठरतो. नव्या कार्बोरेटरवर तिचा कोन चुकला तर दाब कमी पडतो आणि क्लच जळतात. कॅलिफोर्नियात १९७६ किंवा त्यानंतरची गाडी असेल तर धूर-तपासणीत मान्यता नसलेला कार्बोरेटर चालतही नाही.

यातलं काहीही करण्याआधी टायमिंग, प्लग, व्हॅक्यूमच्या नळ्या आणि फ्युएल पंप तपासावेत. कार्बोरेटरच्या नावावर खपणारी पुष्कळ दुखणी तिथेच सापडतात.

तिसरी वाट दुकानात खोक्यात मिळते: ‘रिबिल्ट’ क्वाड्राजेट. माझा तिच्यावर सर्वांत कमी विश्वास. घाऊक कारखान्यांत वेगवेगळ्या कार्बोरेटरांचे भाग एकत्र धुतले जातात आणि कोणाच्या सुया कोणाच्या अंगात जातात. अंगावर डाव्या बाजूला ठोकलेला नंबर सांगतो की तो कोणत्या साली, कोणत्या इंजिनासाठी बनला. खोक्यातल्याचा नंबर आपल्याशी जुळतो का, ते आधी वाचावं. दुकानदार बदल्यात जुना मागतो आणि तो दिला नाही तर अनामत अडकते. अडकू द्यावी. नवा महिनाभर नीट चालेपर्यंत जुना घरीच ठेवावा, कारण बुश टाकण्याजोगं मूळ अंग एकदा दुकानात गेलं की परत मिळत नाही.