चित्र छापखान्यात धाडण्यापूर्वी

महाराष्ट्राबाहेर पिढ्यान्‌पिढ्या वसलेल्या मराठी समाजात एखादे वाचनालय, एखादी शाळा किंवा एखादे मंडळ पाऊणशे-शंभर वर्षांचे झाले, की स्मरणिका काढण्याचे ठरते. इंदूर असो, ग्वाल्हेर असो, वडोदरा असो की हैदराबाद. पुढचा क्रम बहुधा सारखाच असतो. जाहिराती मिळतात, लेख येतात, आणि शेवटी प्रश्न उरतो तो छायाचित्रांचा. संस्थापकांचे स्वतंत्र छायाचित्र कोणाजवळच नसते. असते ते कुठल्याशा वार्षिक संमेलनाचे, चाळीस माणसांच्या समूहाचे, सभागृहाच्या भिंतीवर काचेत बसविलेले. एखादा उत्साही कार्यकर्ता खुर्चीवर चढतो, फोनने त्या तसबिरीचे चित्र टिपतो आणि संपादकांकडे धाडतो. संपादक ते मुद्रकाकडे धाडतात. यथाकाल स्मरणिका हाती येते, आणि पहिल्याच पानावर संस्थापकांच्या चेहऱ्याऐवजी राखी चौकोनांचा एक पुंजका दिसतो.

दोष अर्थातच मुद्रकाच्या माथी मारला जातो. वस्तुतः चित्र त्याच्या हाती पडण्यापूर्वीच त्यातील चेहरा हरवलेला असतो. छपाईच्या यंत्राला चित्रात जे आहे तेच कागदावर उतरविता येते. जे नाही ते निर्माण करता येत नाही. म्हणून चित्र छापखान्यात धाडण्यापूर्वीच दोन प्रश्नांची उत्तरे मिळविणे अगत्याचे असते. या चित्रात बिंदू किती आहेत? आणि त्याचे रंग कोणत्या पद्धतीने मांडलेले आहेत?

पहिल्या प्रश्नापासून आरंभ करू. संगणकातील चित्र म्हणजे मॅटीच्या कापडावर मोजून घातलेल्या टाक्यांचे भरतकामच होय. प्रत्येक चौकटीत एक टाका, आणि प्रत्येक टाक्याचा एकच रंग. या टाक्याला पिक्सेल म्हणतात. वीस टाक्यांच्या रुंदीत पोपट काढावयाचा म्हटले, तर त्याची चोच एका टाक्यातच आटपावी लागते. दोनशे टाके मिळाले तर चोचीचा बाक आणि डोळ्यातील चमकही दाखविता येते. हे टाके एका इंचात किती बसवावयाचे, त्या प्रमाणाला रेझोल्यूशन असे नाव आहे. येथेच पुष्कळांचा गोंधळ उडतो. पिक्सेलांची एकूण संख्या हे चित्राचे भांडवल. रेझोल्यूशन म्हणजे ते भांडवल किती जागेवर पसरले याचा हिशेब.

हिशेब अगदी सोपा आहे. ४००० पिक्सेल रुंद आणि ३००० पिक्सेल उंच असे चित्र इंचाला ३०० पिक्सेल या प्रमाणाने छापले, तर ते सुमारे १३ इंच रुंद आणि १० इंच उंच होते. तेच चित्र फोनवरील निरोपांबरोबर पाठविताना आकसून १६०० गुणिले १२०० एवढेच उरले, तर त्याच प्रमाणाने ते सव्वापाच इंच रुंद आणि चार इंच उंच भरते. त्यातही संस्थापकांचा एकट्याचा चेहरा हवा असतो. चाळीस माणसांच्या समूहात त्या चेहऱ्याच्या वाट्याला रुंदीचे ऐंशी पिक्सेल आले आणि तो दोन इंच रुंद छापला, तर इंचाला अवघे ४० पिक्सेल पडतात. एकेक चौकोन अर्ध्या मिलिमीटरहून मोठा होतो आणि डोळ्यांना सहज टोचतो. स्मरणिकेतील पुंजक्याचे रहस्य ते हेच.

परंतु इंचाला ३०० हा आकडा कोठून आला? त्यासाठी छपाईची एक अडचण ध्यानात घ्यावयास हवी. काळी शाई कागदावर एक तर लागते, नाही तर लागत नाही. फिकी काळी किंवा अर्धी काळी होणे तिला ठाऊक नाही. मग गालावरील सावलीची मऊ करडी छटा छापावयाची कशी? यावर एकोणिसाव्या शतकात जो उपाय निघाला त्याला हाफटोन म्हणतात. चित्राचे बारीक ठिपक्यांत विभाजन करावयाचे. गडद भागात ठिपके मोठे, फिक्या भागात लहान. शाई सर्वत्र सारखीच काळी असते, परंतु दुरून पाहणारा डोळा ठिपके आणि त्यांमधील पांढरा कागद एकत्र करून करडा रंग पाहतो. ४ मार्च १८८० रोजी न्यूयॉर्कच्या ‘डेली ग्राफिक’ या दैनिकाने या तत्त्वावर एक छायाचित्र छापले. पुढे कलकत्त्याचे उपेंद्रकिशोर राय, म्हणजे चित्रपटकार सत्यजित राय यांचे आजोबा, यांनी या विद्येत मौलिक संशोधन केले, आणि त्यांचे लेख इंग्लंडमधील मुद्रणविषयक वार्षिकात प्रसिद्ध झाले. ‘राजा हरिश्चंद्र’ हा चित्रपट १९१३ साली दाखविणारे दादासाहेब फाळके हेही वडोदऱ्याच्या कलाभवनाचे विद्यार्थी. चित्रपटाकडे वळण्यापूर्वी ते मुद्रणाच्याच व्यवसायात होते.

आजच्या ऑफसेट छपाईतही ठिपक्यांचे हे तत्त्व कायम आहे. वृत्तपत्राचा कागद शाई शोषून घेतो आणि ठिपका पसरतो. म्हणून तेथे ठिपक्यांच्या ओळी विरळ, इंचाला साधारण ८५ ते १०० ठेवतात. गुळगुळीत आर्ट पेपरवर ठिपका जागच्या जागी राहतो. तेथे १५० ओळी चालतात. इंचात जितक्या ओळी, त्याच्या दुप्पट पिक्सेल असावेत, असा मुद्रकांचा व्यवहारी नियम आहे. त्या नियमाने वृत्तपत्राला सुमारे २०० पिक्सेल पुरतात आणि आर्ट पेपरला ३०० लागतात. निव्वळ काळ्या रेघांची रेखाचित्रे, नकाशे आणि स्वाक्षऱ्या यांची गोष्ट वेगळी. तेथे करड्या छटा नसतात, रेघेची कड मात्र धारदार हवी असते. म्हणून इंचाला १२०० पर्यंत पिक्सेल घेतात. उलट रस्त्यावरून दुरून पाहावयाच्या मोठ्या फलकाला १०० किंवा त्याहून कमीही चालतात, कारण अंतरामुळे डोळा तेवढा चोखंदळ राहत नाही.

आता कोणी म्हणेल, की संगणकात ४० चा आकडा पुसून ३०० लिहिला म्हणजे झाले! आकडा बदलतो हे खरे. पण कणकेचा गोळा तेवढाच ठेवून परातीएवढी पोळी लाटावयाचा हा प्रकार आहे. संगणक शेजारच्या दोन पिक्सेलांकडे पाहून मधला पिक्सेल अंदाजाने भरतो. त्यामुळे चौकोनांच्या कडा मऊ होतात, परंतु नवी माहिती तीळभरही वाढत नाही. अलीकडे याहून चतुर साधने आली आहेत. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या बळावर ती अंधूक चेहरा क्षणार्धात स्वच्छ करून देतात. त्यांचा मोह पडणे स्वाभाविक आहे. तथापि ती काय करतात हे समजून घेतले पाहिजे. इतर असंख्य चेहऱ्यांवरून बांधलेल्या अनुमानाने ती डोळे, पापण्या आणि ओठ नव्याने रचतात. निघालेला चेहरा रेखीव असेल, पण तो त्याच माणसाचा असेल याची शाश्वती कोणीही देऊ शकत नाही. ज्यांनी संस्थापकांना पाहिले ती माणसे आज हयात नाहीत. चूक दाखविणार कोण? स्मरणिकेत छापला गेलेला परका चेहरा पुढच्या पिढीला खरा वाटेल, आणि त्या चेहऱ्यालाच हार घातले जातील. त्यापेक्षा खरा चेहरा लहान आकारात छापणे अधिक प्रामाणिक होय.

दुसरा प्रश्न रंगांचा. संगणकाचा किंवा फोनचा पडदा स्वतः प्रकाश देतो. कागद मात्र त्याच्यावर पडलेल्या प्रकाशाचा काही भाग तेवढा परत करतो. रंगांच्या दोन पद्धती या भेदातूनच निर्माण झाल्या आहेत. पडद्यावर तांबडा, हिरवा आणि निळा हे तीन प्रकाश कमीअधिक प्रमाणात एकत्र येतात. तिन्ही पूर्ण मिसळले की पांढरा रंग दिसतो, तिन्ही विझले की काळा. १८६१ साली लंडनमध्ये जेम्स क्लार्क मॅक्सवेल या शास्त्रज्ञाने याच तीन रंगांच्या प्रकाशांतून एका रंगीत फितीचे छायाचित्र पडद्यावर दाखविले होते. या पद्धतीला आरजीबी म्हणतात. सामान्यतः प्रत्येक प्रकाशाच्या २५६ पायऱ्या धरतात. त्यामुळे १ कोटी ६७ लाखांहून अधिक रंगसंयोग लिहिता येतात.

शाईचा मार्ग याच्या नेमका उलट आहे. शाई प्रकाश देत नाही, गिळते. सायन नावाची आकाशी शाई तांबडा प्रकाश गिळते, मॅजेंटा ही गुलाबी शाई हिरवा प्रकाश गिळते, आणि पिवळी शाई निळा. तिन्ही एकावर एक छापल्या तर शास्त्राप्रमाणे काळा रंग यावयास हवा. परंतु शाया तितक्या शुद्ध नसल्यामुळे येतो तो मातकट तपकिरी. म्हणून काळी शाई चौथी घेतात. या चार शायांच्या पद्धतीचे नाव सीएमवायके.

पडद्यावरचा प्रत्येक रंग या चार शायांच्या आवाक्यात येत नाही. झगझगीत हिरवा मंदावतो, तेजस्वी निळा जांभळट होतो, झळाळता राणी रंग निवतो. हा यंत्राचा दोष नव्हे. प्रकाशाची भाषा शाईच्या भाषेत आणताना होणारी ती घट आहे. वडोदऱ्याच्या लक्ष्मीविलास राजवाड्यासाठी पौराणिक चित्रे रंगविणाऱ्या राजा रविवर्मा यांनी १८९४ मध्ये मुंबईत शिळाछापाचा कारखाना काढला, तेव्हाही प्रश्न याच जातीचा होता. तैलचित्रातील रंग निरनिराळ्या शिळांवर विभागावे लागत, प्रत्येक शाईला स्वतंत्र शिळा असे, आणि कोणती छटा राखावयाची व कोणती सोडावयाची हे कारागिराचा डोळा ठरवी. आज तो निवाडा संगणक करतो. तो त्याने आपल्या नकळत करू नये, एवढ्यासाठीच रंगपद्धतीचे ज्ञान हवे.

व्यवहारात याचा अर्थ असा. मूळ रंगीत चित्र आरजीबीतच जपून ठेवावे आणि छपाईसाठी त्याची वेगळी प्रत करावी. सीएमवायकेमध्ये रूपांतर करण्यापूर्वी कागद कोणता, हे मुद्रकाला विचारावे. चारही शाया पूर्ण भरल्या तर त्यांची बेरीज ४०० टक्के होते. एवढी शाई कोणताच कागद सोसत नाही. आर्ट पेपरला ती ३०० च्या आसपास आणि वृत्तपत्राच्या कागदाला २४० च्या आसपास ठेवावी लागते. अन्यथा शाई वाळत नाही आणि समोरच्या पानावर डाग पडतात. मजकुराची अक्षरे केवळ काळ्या शाईत असावीत. ती चार शायांत विभागली गेली आणि एखादी प्लेट केसभर सरकली, तरी वेलांट्या-मात्रांना रंगीत कडा फुटतात. जुनी कृष्णधवल छायाचित्रे करड्या छटांच्या, म्हणजे ग्रेस्केल पद्धतीत बदलून घ्यावीत; आरजीबीतून तशीच गेली तर ती चार शायांत छापली जातात आणि चेहऱ्यावर हिरवट किंवा तांबूस झाक येऊ शकते. पानाच्या कडेपर्यंत जाणारे चित्र कापण्याच्या रेषेबाहेर तीन मिलिमीटर जादा ठेवावे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, पडद्यावर समाधान न मानता कागदावरचे प्रूफ पाहावे.

आता पुन्हा त्या भिंतीवरच्या तसबिरीकडे वळू. छायाचित्र काचेला चिकटलेले नसेल तर ते चौकटीतून हलक्या हाताने काढून स्कॅनरवर ठेवावे. चिकटलेले असेल तर ओढू नये, नाही तर चित्राचा थर काचेवरच राहील. ते काचेसकट स्कॅन करावे. मूळ चित्र दोन इंच रुंद आणि तीन इंच उंच असेल आणि ते दुप्पट आकारात छापावयाचे असेल, तर इंचाला ६०० पिक्सेल घ्यावेत. म्हणजे मोठे झाल्यावर ३०० उरतात. समूहातील एकच चेहरा हवा असेल तर १२०० घ्यावेत. मूळ छायाचित्रात तपशील असेल तोवरच याचा उपयोग, हेही विसरू नये. पहिली प्रत टिफ प्रकारात जतन करावी. जेपेगमध्ये आकार लहान करण्यासाठी काही माहिती टाकून दिली जाते आणि ती परत येत नाही. धाडताना ती चित्र म्हणून न पाठविता पूर्ण फाइल म्हणून पाठवावी. समूहातील माणसांची नावे, ज्ञात असतील तेवढी, त्याच बैठकीत लिहून ठेवावीत.

एवढा खटाटोप एका स्मरणिकेसाठी कशाला, असे कोणाला वाटेल. परंतु ती तसबीर एकच असते. कसर, वाळवी आणि दमट हवा तिच्यावर दरवर्षी आपले काम करीत असतात, आणि त्यातील चेहरे ओळखणारी माणसे दरवर्षी कमी होत असतात. स्मरणिकेच्या निमित्ताने घेतलेली चांगली प्रत ही पुष्कळदा त्या संस्थेची शेवटची संधी असते. तेव्हा कार्यकर्त्याने खुर्चीवर जरूर चढावे. मात्र फोन उगारण्यासाठी नव्हे, तर तसबीर सांभाळून खाली उतरविण्यासाठी.