पीटीचे सर आणि अमेरिकेतला कोच

अमेरिकेत ज्याला फुटबॉल म्हणतात, तो खेळ आपल्या फुटबॉलपेक्षा अगदी वेगळा. चेंडू अंडाकृती, तो हातात घेऊन पळायचे किंवा फेकायचा. डोक्यावर शिरस्त्राण, खांद्यांवर जाड पॅड. हा खेळ तिथे शाळेपासूनच सुरू होतो. शुक्रवारी रात्री शाळेचा सामना असला की लहान गावांत लोक मैदानाकडे लोटतात आणि संघ घडवणारा कोच गावातला मानाचा माणूस असतो. पुढे तो मोठ्या विद्यापीठाचा कोच झाला तर पगार कुठल्या कुठे जातो. अनेक राज्यांत सार्वजनिक सेवेतला सर्वांत मोठा पगार राज्यपालाचा नसतो, तर राज्य विद्यापीठाच्या फुटबॉल कोचचा असतो.

पण या वाटेची सुरुवात साधीच असते. व्हिन्स लोम्बार्डी हे तिथले फार गाजलेले नाव. 1939 साली ते न्यू जर्सीतल्या सेंट सेसिलिया हायस्कूलमध्ये रुजू झाले. दिवसा वर्गात लॅटिन, भौतिकशास्त्र आणि रसायनशास्त्र शिकवायचे, वर्ग सुटला की मैदानावर संघ घडवायचा. अशी 8 वर्षे गेली. मग कॉलेज, मग लष्करी अकादमी आणि 1959 मध्ये ग्रीन बे पॅकर्स हा व्यावसायिक संघ. आज तिथल्या सर्वोच्च व्यावसायिक स्पर्धेच्या चषकाला त्यांचे नाव आहे. मुख्य म्हणजे ही वाट शाळेच्या मैदानावरून निघाली होती.

आता आपल्याकडे वळू. आमच्या राजुऱ्यात, जिवती-कोरपन्यात किंवा गडचिरोलीच्या जंगलपट्ट्यात शाळेचा कोच कोण? तर पीटीचे सर. विदर्भात या शिक्षकांची परंपरा जुनी आहे. अमरावतीचे हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ 1914 सालचे. त्याच मंडळाच्या पथकाने 1936 मध्ये बर्लिन ऑलिंपिकच्या वेळी कबड्डीसारखे आपले देशी खेळ जगाला करून दाखवले. अमरावतीत शिकून आलेले शिक्षक विदर्भातल्या कितीतरी शाळांत भेटतील. बी.पी.एड. केले की शाळेची नोकरी, एम.पी.एड. पर्यंत शिकले की महाविद्यालयाचा क्रीडा विभाग. ज्याला एकाच खेळाचा तज्ज्ञ प्रशिक्षक व्हायचे असेल, त्याच्यासाठी 1961 पासून पतियाळाची राष्ट्रीय क्रीडा संस्था आहे.

पीटीच्या सरांचे काम मात्र एका खेळाचे कधीच नसते. सकाळची कवायत, कबड्डी, खो-खो, धावणे, गोळाफेक, सारे एकाच माणसाकडे. पावसाळ्यात तालुका स्पर्धा आली की आमच्या काळ्या मातीच्या मैदानाचा चिखल होतो. तो निथळला की चुन्याने रेषा आखायच्या, मुलांचे वयाचे दाखले गोळा करायचे, संघ एसटीत बसवायचा. तालुक्यानंतर जिल्हा, विभाग, राज्य आणि राष्ट्रीय अशा पायऱ्या आहेत. 14, 17 आणि 19 वर्षांखालील असे गट आहेत. बारावीनंतर आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. 2011 मध्ये गडचिरोलीला गोंडवाना विद्यापीठ झाल्यापासून आमच्या महाविद्यालयांचे संघ त्याच विद्यापीठाच्या नावाने खेळतात.

या पायऱ्या नुसत्या हौसेच्या नाहीत. वरच्या स्तरावर खेळलेल्या मुलांना दहावी-बारावीला सवलतीचे गुण मिळतात, शासकीय नोकरीत पात्र खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. शेतमजुराच्या किंवा खाणकामगाराच्या मुलीला खो-खोच्या एका प्रमाणपत्राने दार उघडू शकते. ते दार तिला दाखवणारा गावात बहुधा एकच माणूस असतो.

एक चांगला कोच काय करू शकतो, याचे आपल्या महाराष्ट्रातले उदाहरण रमाकांत आचरेकर सरांचे. 1932 साली मालवणला जन्म. स्वतः प्रथम श्रेणीचा एकच सामना खेळले. नोकरी स्टेट बँकेत आणि जीव शिवाजी पार्कच्या मैदानात. दादरच्या शारदाश्रम शाळेची मुले त्यांनी घडवली. 1988 मध्ये हॅरिस शील्डच्या सामन्यात सचिन तेंडुलकर आणि विनोद कांबळी यांनी 664 धावांची अभंग भागीदारी केली, ती याच शाळेकडून. सरांना 1990 मध्ये द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला, 2010 मध्ये पद्मश्री. 2019 च्या जानेवारीत ते गेले. एवढ्या मोठ्या प्रशिक्षकाच्या घरी पगार आला तो बँकेतून. आपल्याकडे कोचगिरी ही उपजीविका म्हणून किती उशिरा मान्य झाली, हे यातून कळते.

मुंबईत निदान क्लब आहेत, मैदाने आहेत. जंगलातल्या शाळेत यातले काहीच नसते. तिथे शिक्षक नसला तर खेळही नाही. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याच्या अनुसूचीत सहावी ते आठवीला 100 पेक्षा जास्त मुले असतील तर आरोग्य व शारीरिक शिक्षणासाठी अंशकालीन शिक्षक सांगितला आहे. म्हणजे पूर्ण वेळेचा नाही. आणि आमच्याकडच्या लहान लहान वस्त्यांत या तीन वर्गांना 100 मुले येणार कुठून? म्हणजे अशा शाळांना अर्ध्या वेळेच्या सरांचाही हक्क उरत नाही.

आमच्या मुलांत दम नाही, असे कोणी म्हणू नये. 2018 च्या मे महिन्यात 'मिशन शौर्य' मोहिमेत चंद्रपूर जिल्ह्यातल्या आदिवासी आश्रमशाळांचे 5 विद्यार्थी एव्हरेस्टवर पोहोचले. देवाडा आणि जिवती ही त्यांच्या शाळांची गावे. ज्यांनी कधी बर्फ पाहिला नव्हता, त्यांना वर्धा, हैदराबाद, दार्जिलिंग आणि लडाख येथे काही महिने पद्धतशीर शिक्षण मिळाले. अंगातली ताकद मुलांचीच होती, तिला शिकवणारा माणूस आणि वेळ मिळाला, इतकेच.

मोहीम मात्र एकदाच होते, मैदान रोजचे असते. म्हणून पालकांना आणि मुख्याध्यापकांना माझी विनंती आहे. दहावीचे वर्ष आले म्हणून खेळाचा तास गणिताला देऊन टाकू नका. जिथे सर नाहीत, तिथे गावातल्या जुन्या कबड्डीपटूला संध्याकाळी बोलवा. आणि पूर्ण वेळेच्या क्रीडाशिक्षकाची मागणी शाळा व्यवस्थापन समितीच्या ठरावात लिहून घ्या, दरवर्षी लिहून घ्या. अमेरिकेइतका पगार आपल्या सरांना कोणी देणार नाही. पण वस्तीतल्या मुलांना संध्याकाळी हाक मारून मैदानावर बोलावणारा एक माणूस प्रत्येक शाळेला मिळायलाच हवा.