जानेवारीतला काउंटर

सकाळी ८.४५
दुकान नऊला उघडतं. त्याआधी कुलूपबंद कपाटातला माल मोजायचा आणि रात्रीतून आलेली प्रिस्क्रिप्शनं चाळायची. माझं बी. फार्म. सांगलीचं आणि नोकरी न्यू जर्सीतल्या मिडलसेक्स काउंटीत, एका छोट्या स्वतंत्र दुकानात. कपाटात ब्युप्रेनॉर्फिन-नॅलॉक्सोन हे जोडऔषध बऱ्यापैकी असतं. हेरॉइन, फेंटानिल किंवा कधीकाळी डॉक्टरांनीच लिहून दिलेल्या दुखण्यावरच्या गोळ्या यांतून सुटू पाहणारी माणसं ते जिभेखाली विरघळवतात. तलफ शमते, अंग मोडून येणं थांबतं, कामावर जाता येतं. अनेकांना वर्षानुवर्षं घ्यावं लागतं, त्यामुळे महिन्याला ते कितीला पडतं यावर बरंच काही ठरतं.

९.२०
पहिलाच माणूस छपरं बसवणारा. थंडीत काम कमी. "डिसेंबरात पंधरा डॉलर लागले, आज एवढे कसे?"

जानेवारीत हा प्रश्न दिवसभर ऐकू येतो. नवीन वर्ष लागलं की इन्शुरन्सचं डिडक्टिबल पुन्हा शून्यापासून मोजायला लागतात. तेवढी रक्कम खिशातून जाईपर्यंत अनेक योजनांत औषधाचा जवळजवळ पूर्ण भाव रुग्णावर पडतो. मी त्याच्यासमोरच हिशेब मांडते. एक, तो जिभेखाली विरघळणारी पट्टी घेतो की गोळी? दोन्हींत औषध तेच, पण जेनेरिक गोळी बहुतेक वेळा स्वस्त पडते. पट्टीचीही जेनेरिक २०१९ पासून बाजारात आहेत, तरी फरक राहतोच. दोन, इन्शुरन्स बाजूला ठेवून सवलत कार्डावर काय भाव येतो? कधी कधी तो को-पेपेक्षाही, म्हणजे इन्शुरन्स असताना खिशातून द्यायच्या वाट्यापेक्षाही, कमी निघतो.

हे तोंडाने सांगायची मुभा मला पूर्वी प्रत्येक वेळी नव्हती. इन्शुरन्सच्या मध्यस्थ कंपन्यांच्या करारांत फार्मसिस्टचं तोंड बांधणारी कलमं असायची. ऑक्टोबर २०१८ मध्ये दोन केंद्रीय कायदे झाले आणि ती गेली. आता रोखीचा भाव कमी असेल तर मी सांगू शकते. पण कायदा मला सांगू देतो, सांगायला लावत नाही. गर्दीच्या दुकानात ग्राहकाने विचारलं नाही तर कोणी आपणहून सांगेलच असं नाही.

पट्टीऐवजी गोळी मी माझ्या अधिकारात देऊ शकत नाही, नवं प्रिस्क्रिप्शन लागतं. डॉक्टरांच्या ऑफिसला फोन लावते. अर्ध्या तासात होकार येतो.

१०.४५
एका बाईंचा फोन, चार दुकानांतले भाव विचारून झालेत. शहाणी बाई. एकच गोळी, एकच शहर, आणि भावात दुपटी-तिपटीचा फरक सहज असतो. मात्र भाव विचारायचा तो डॉक्टर प्रिस्क्रिप्शन पाठवण्याच्या आधी. हे नियंत्रित औषध आहे. एकदा एका दुकानात गेलेलं प्रिस्क्रिप्शन दुसरीकडे हलवण्यावर मर्यादा आहेत. शिवाय नियंत्रित औषधांवर काही दुकानं सवलत कार्ड घेतच नाहीत, तेही फोनवर विचारून घ्यावं.

त्यांना आणखी एक सांगितलं. कार्डावर दिलेले पैसे सहसा डिडक्टिबलमध्ये धरत नाहीत. फेब्रुवारीत शस्त्रक्रिया ठरलेली असेल तर आज इन्शुरन्सवर महाग घेतलेलं पुढे वसूल होतं. तसं काही नसेल तर कार्डच बरं.

दुपारी १२.१०
माल आला, पण मागवला त्यापेक्षा कमी. घाऊक पुरवठादार नियंत्रित औषधांच्या खपावर मर्यादा घालतात आणि एखाद्या दुकानातून ब्युप्रेनॉर्फिन जास्त जाऊ लागलं की शंका घेतात. ज्या औषधाने माणसं जगतात त्यालाही, ज्या गोळ्यांनी ती मेली त्यांच्याच मापाने मोजायचं, हे मला आजवर पटलेलं नाही. रुग्णाच्या हिशेबात याचा अर्थ एवढाच की आज अर्धा साठा घ्यायचा, उरलेल्यासाठी पुन्हा यायचं. त्या दुसऱ्या फेरीचं पेट्रोल कुठल्याच कार्डावर कमी होत नाही.

१.००
डबा उघडते तोच एक तरुणी नवीन प्रिस्क्रिप्शन घेऊन येते. औषधाला पैसे पुरतात, पण क्लिनिक फक्त रोख फी घेतं आणि ती औषधाच्या वर जाते. हे नेहमीचं आहे. २०२२ संपेपर्यंत हे औषध लिहायला डॉक्टरांना खास परवाना लागायचा, त्यामुळे मोजकेच लिहायचे आणि काही जण मनाला येईल ती फी लावायचे. तो परवाना रद्द झाला. नियंत्रित औषधं लिहिण्याची नेहमीची नोंदणी असलेला डॉक्टर आता ते लिहू शकतो, म्हणजे घरचा डॉक्टरसुद्धा. सरकारी अनुदानावर चालणाऱ्या सामुदायिक आरोग्य केंद्रांत उत्पन्नाप्रमाणे फी कमी होते. जवळच्या केंद्राचा नंबर लिहून दिला. ती मेडिकेडला, म्हणजे कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी इन्शुरन्सला, बसते का हेही बघायला सांगितलं. व्यसनमुक्तीची औषधं मेडिकेडने द्यायलाच हवीत असा केंद्र सरकारचा नियम २०२० पासून आहे.

औषध कंपन्यांची स्वतःची को-पे कार्डंही असतात, पण ती खाजगी इन्शुरन्सवाल्यांनाच चालतात. मेडिकेअर-मेडिकेडवाल्यांनी वापरली तर कायद्याचा भंग होतो. जाहिरातीत हे बारीक अक्षरात असतं.

३.३०
मराठी मुलगा. कॉलेज झालंय, अजून वडिलांच्या इन्शुरन्सवर आहे. इथे सव्विसाव्या वर्षापर्यंत राहता येतं. तरी दर महिन्याला रोख देतो, कारण इन्शुरन्स वापरला की हिशेबाचं पत्र वडिलांच्या नावाने घरी जातं. आमच्या लोकांत मुलाच्या मधुमेहाची चर्चा महाराष्ट्र मंडळाच्या जेवणात होते, या आजाराची स्वयंपाकघरातही होत नाही. त्याला इन्शुरन्स कंपनीकडे वेगळ्या पत्त्यावर पत्र पाठवण्याची लेखी विनंती करता येते, हे मी सांगितलं. तो म्हणाला, "बघतो, ताई." मग मी त्याला सर्वांत स्वस्त कार्ड लावून दिलं. लपवण्याची किंमत तो त्या फरकाने मोजतोय, आणि ती कमी करणं एवढंच माझ्या हातात आहे.

५.१५
कामावरून सुटलेल्यांची रांग. एक आजोबा, आजारपण जुनं, काही पट्ट्या कात्रीने अर्ध्या करून महिना दीड महिन्यावर नेतात. "बचत," म्हणाले. ही बचत करू नका, हे मी जरा आवाज चढवूनच सांगितलं. डोस मनाने कमी केला की तलफ परत येते, आणि आज रस्त्यावर मिळणाऱ्या मालात फेंटानिल असतं. ते मेडिकेअरवर, म्हणजे ज्येष्ठांच्या सरकारी इन्शुरन्सवर, आहेत. उत्पन्न कमी असेल तर केंद्र सरकारची 'एक्स्ट्रा हेल्प' योजना आहे, तिचा अर्ज भरायला लेकीला घेऊन या म्हटलं.

खरा पैसा वाचतो तो वापरात. गोळी गिळली तर बरंचसं औषध वाया जातं, ती पूर्ण विरघळू द्यायची, तोवर पाणी-चहा नाही. विरघळल्यावर मात्र पाण्याची चूळ भरायची आणि ब्रश तासाभराने. तोंडात विरघळणाऱ्या या औषधाने दात किडू शकतात असा इशारा एफडीएने, म्हणजे अमेरिकेच्या औषध नियामकाने, जानेवारी २०२२ मध्ये दिला. अमेरिकेत एका रूट कॅनालचं बिल पाहिलेल्याला हा सल्ला दुसऱ्यांदा सांगावा लागत नाही.

महिन्यातून एकदा घ्यायची इंजेक्शनंही आहेत. मूळ किंमत हजार डॉलरच्या वर, आणि ती दवाखान्यातच देतात. खाजगी इन्शुरन्स आणि कंपनीचं कार्ड दोन्ही जुळलं तर रुग्णाला गोळीइतकीच पडू शकतात. न जुळलं तर विषय तिथेच संपतो.

७.००
आवराआवर. उद्या लागणाऱ्या इन्शुरन्सच्या दोन मंजुऱ्यांसाठी फॅक्स पाठवले. नाकात मारायच्या नॅलॉक्सोनच्या डब्या समोरच्या फळीवर लावल्या. ओव्हरडोस झालेल्याचा श्वास ती परत आणू शकते. न्यू जर्सीत चौदा वर्षांच्या किंवा त्याहून मोठ्या कोणालाही सहभागी दुकानांतून ती फुकट मिळते, नाव सांगावं लागत नाही, कारणही नाही. घरात कोणी ऑपरेशननंतरच्या दुखण्यावर ओपिऑइड गोळ्या घेत असेल, तरी एक डबी नेऊन ठेवा.