जुनी गाडी, नवा मालक

'सेकंडहँड' हा शब्द आपल्याकडे जरा दबक्या आवाजात उच्चारला जातो. फ्लॅट जुना घेतला तर तो 'रीसेल'चा असतो, दागिना जुना असला तर तो 'आजीचा' असतो. गाडी मात्र सेकंडहँड! खरे पाहता अनेक मध्यमवर्गीय घरांत पहिली चारचाकी अशीच आलेली असते आणि त्यात कमीपणा मानण्यासारखे काही नाही. नव्या गाडीची किंमत शोरूमच्या दारातून बाहेर पडताच उतरू लागते आणि पहिल्या काही वर्षांत ती सर्वांत झपाट्याने उतरते. हा उतार पहिला मालक सोसतो. दुसऱ्या मालकाचा फायदा तिथेच आहे.

पण तो पदरात पडायचा तर एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. गाडीबरोबर आपण तिचा भूतकाळही विकत घेत असतो. मोटार विम्याचा सर्वेक्षक म्हणून सांगली, कोल्हापूर, सातारा या भागात मी बरीच वर्षे काम केले. अपघातात चेपलेल्या, पुरात बुडालेल्या गाड्या पाहायच्या आणि नुकसानीचा अंदाज द्यायचा, हे माझे काम. त्या अनुभवावरून सांगतो, प्रत्येक जुन्या गाडीत दोन गाड्या असतात. एक लोखंडाची आणि दुसरी कागदाची. लोखंडाच्या गाडीत खोट निघाली तर पैसे जातात. कागदाच्या गाडीत खोट निघाली तर झोप जाते.

आज बोलायचे आहे ते सेडान गाडीविषयी, म्हणजे मागे स्वतंत्र डिकी असलेल्या कौटुंबिक गाडीविषयी. नवी गाडी घेणाऱ्यांचा ओढा सध्या उंच गाड्यांकडे आहे. त्यामुळे जुन्या बाजारात चांगली सेडान पुष्कळदा रास्त भावात मिळून जाते. घरात चार-पाच माणसे, वर्षातून दोनदा गावाला जाणे, येताना तांदळाचे पोते नाही तर आंब्याच्या पेट्या, असा ज्यांचा संसार आहे त्यांना ही गाडी सोयीची. मात्र डिकी म्हटले की सगळ्या सारख्या नसतात. २००६ च्या अर्थसंकल्पात चार मीटरपेक्षा कमी लांबीच्या आणि लहान इंजिनाच्या गाड्यांना उत्पादन शुल्कात सवलत मिळाली आणि कंपन्यांनी सेडानचे शेपूट छाटायला सुरुवात केली. २००८ साली आलेल्या मारुती डिझायरची डिकी ४४० लिटरची होती. २०१२ साली तीच गाडी चार मीटरच्या आत बसवली, तेव्हा डिकी ३१६ लिटरवर आली. सीएनजीची टाकी असेल तर उरलेली जागाही गेली म्हणून समजा. तेव्हा गाडी पाहायला जाताना घरातली मोठी बॅग बरोबर न्या आणि ती डिकीत ठेवून पाहा.

आता लोखंडाकडे वळू. गाडी नेहमी दिवसाउजेडी पाहावी आणि ती धुतलेली, ओली नसावी. ओल्या पत्र्यावर रंगातला फरक लपतो. गाडीच्या एका बाजूला उकिडवे बसून नजर पत्र्याला समांतर न्यावी. जिथे डेंटिंग-पेंटिंग झाले आहे तिथे प्रतिबिंब लाटांसारखे हलते. मग काचा पाहाव्यात. प्रत्येक काचेच्या कोपऱ्यात उत्पादकाची खूण असते. पाच काचांवर एक खूण आणि सहावीवर दुसरीच, असे दिसले तर ती का बदलली हे विचारावे. दगड लागून काच फुटू शकते, हे खरे. पण त्याच बाजूचे दार रंगवलेले आणि बिजागरीच्या बोल्टवर पान्याच्या खुणा असतील, तर दगडाची गोष्ट तिथेच संपते.

डिकीतली स्टेपनी बाहेर काढायला लावा. तिच्याखालचा खड्डा हा गाडीचा खरा जबाब असतो. मागून जोरात धडक बसलेली असेल तर तिथला पत्रा सुरकुतलेला दिसतो किंवा वेल्डिंगचा ओबडधोबड सांधा दिसतो. गाडी पाण्यात गेलेली असेल तर तिथे गाळाचा पापुद्रा उरतो. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मुंबईत असंख्य गाड्या बुडाल्या. ऑगस्ट २०१९ मध्ये कृष्णा-पंचगंगेच्या पुरात सांगली-कोल्हापूरची तीच गत झाली. बुडालेल्या सगळ्याच गाड्या भंगारात जात नाहीत. काही धुऊन, पुसून, अत्तर मारून दुसऱ्या गावच्या बाजारात उभ्या राहतात. त्या ओळखायच्या कशा? सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. आत गुंडाळून राहिलेल्या भागावर मातीची रेघ सापडते. पायाखालचा गालिचा उचला, सीटखालचे स्क्रू पाहा, हेडलाइटच्या आत वाफ धरली आहे का ते पाहा. बुडालेली गाडी आज नीट चालली, तरी तिच्या वायरिंगमधले गंजणे थांबलेले नसते. अशी गाडी स्वस्तातही घेऊ नये.

इंजिन थंड असतानाच पाहायचे. आपण पोहोचण्याआधी गाडी चालू करून ठेवलेली असेल आणि बॉनेट गरम लागत असेल, तर गोड बोलून दुसऱ्या दिवशी सकाळी यावे. तेलाचे झाकण उघडल्यावर आत दुधासारखा पांढरट थर दिसला तर पाणी तेलात मिसळत असण्याची शंका धरावी आणि फिटरकडून खात्री करून घ्यावी. धूर निळसर असेल तर इंजिन तेल जाळत आहे, काळा असेल तर इंधन नीट जळत नाही आणि दाट पांढरा धूर थांबतच नसेल तर कूलंट आत शिरत आहे. गाडी स्वतः चालवावी. मोकळ्या मैदानात स्टिअरिंग पूर्ण वळवून गोल फिरवल्यावर 'कट्‌कट्' आवाज आला तर ड्राइव्ह शाफ्टचे सांधे झिजलेले आहेत. चढावर वरच्या गिअरमध्ये इंजिनाचा आवाज वाढतो पण वेग वाढत नाही, याचा अर्थ क्लच घसरतो आहे. यातले काहीही निघाले म्हणून लगेच पाठ फिरवायला नको. दुरुस्तीचा खर्च काढून तो किमतीतून वजा करावा.

किलोमीटरचा आकडा हा सर्वांत कमी भरवशाचा साक्षीदार. तो मागे नेणारे लोक आहेत. त्यापेक्षा पेडलचे रबर, गिअरच्या दांड्याची मूठ आणि ड्रायव्हरच्या सीटची कड पाहावी. आकडा सांगतो तीस हजार आणि पेडल गुळगुळीत, असे असेल तर पेडलवर विश्वास ठेवावा. टायरच्या बाजूला चार आकडे कोरलेले असतात. '२३१९' असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. गाडी २०२१ ची आणि टायर २०१७ चे, असे असेल तर ते कुठून तरी जुने आणून बसवले आहेत. शेवटी, आपल्या ओळखीचा फिटर बरोबर न्यावा आणि त्याला त्याची मजुरी द्यावी. फुकट आलेला माणूस भिडेपोटी होकार देतो.

इथवरची काळजी बरेच लोक घेतात. आता कागदाची गाडी. इथे मात्र भलीभली माणसे 'होईल हो सावकाश' म्हणतात.

आरसीवर पहिल्यांदा पाहायचे ते बँकेचे नाव. कर्ज फिटले असले तरी आरटीओच्या नोंदीतला बोजा आपोआप उतरत नाही. त्यासाठी बँकेचे ना-हरकत पत्र आणि फॉर्म ३५ लागतो. मग मालक कितवा, हे पाहावे. गाडी पूर्वी टॅक्सी होती का, तेही विचारावे. पिवळ्या पाटीची गाडी खासगी करून विकली जाते आणि तिचे धावणे घरगुती गाडीच्या कितीतरी पट झालेले असते. सीएनजी असेल तर त्याची नोंद आरसीवर हवी आणि टाकीची दर तीन वर्षांनी होणारी चाचणी झालेली हवी. वाहतूक पोलिसांचे ई-चलन थकले असेल तर ते विकणाऱ्याकडूनच भरून घ्यावे. १ एप्रिल २०१९ पूर्वीच्या गाडीला नवी उच्च सुरक्षा नंबरपाटी बसवली आहे का, तेही पाहावे.

परराज्यातली गाडी फार स्वस्त वाटते. दिल्लीत दहा वर्षांवरच्या डिझेल आणि पंधरा वर्षांवरच्या पेट्रोल गाड्यांवर २०१५ मध्ये हरित लवादाने आणि २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने निर्बंध आणले, तेव्हापासून तिथल्या गाड्या बाहेर जाऊ लागल्या. अशा गाडीला तिथल्या आरटीओचे ना-हरकत प्रमाणपत्र लागते, महाराष्ट्राचा कर भरावा लागतो आणि इथला नंबर घ्यावा लागतो. हा सगळा खर्च मिळवला की स्वस्ताई बरीचशी विरते.

आता मुख्य मुद्दा, नाव बदलण्याचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५० प्रमाणे गाडी त्याच राज्यात विकली तर विकणाऱ्याने १४ दिवसांत आरटीओला कळवायचे आणि घेणाऱ्याने ३० दिवसांत आपल्या नावावर करण्यासाठी अर्ज करायचा. फॉर्म २९ आणि ३० ते हेच. व्यवहारात काय होते? कोऱ्या टीटी फॉर्मवर सह्या होतात, पैसे हातात पडतात, गाडी जाते आणि फॉर्म कपाटात राहतात. दलाल त्याच सह्यांवर गाडी पुढच्या माणसाला विकतो.

याचा परिणाम काय होतो, ते सर्वोच्च न्यायालयाच्या ६ फेब्रुवारी २०१८ च्या निकालात दिसते. एका गृहस्थांनी २००७ साली आपली मोटार विकली. ती हातोहात पुढे विकली गेली. २००९ साली गाडी मागे घेताना अपघात झाला आणि एका मुलाचा जीव गेला. गाडीचा ताबा भलत्याकडेच होता, पण आरटीओच्या दप्तरात नाव पहिल्याच मालकाचे. न्यायालयाने सांगितले की नोंदीत ज्याचे नाव तोच कायद्याच्या दृष्टीने मालक आणि भरपाईची जबाबदारी त्याची. अपघातग्रस्ताच्या कुटुंबाने खरा मालक शोधत दारोदार फिरावे, हे कायद्याला मान्य नाही. मला हे योग्यच वाटते. पण दोन वर्षांपूर्वी गाडी विकून निर्धास्त झालेल्या माणसाच्या दारात नोटीस येते, तेव्हा त्याची काय अवस्था होत असेल याचा विचार करा.

घेणाराही यातून सुटत नाही. गाडी विकली की समोरच्याच्या नुकसानीचा विमा, म्हणजे थर्ड पार्टी, गाडीबरोबर नव्या मालकाकडे येतो असे कायदा मानतो. आपल्या गाडीच्या नुकसानीचा विमा मात्र आपोआप येत नाही. त्यासाठी १४ दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा लागतो. चेपलेली गाडी, समोर नवा मालक आणि पॉलिसीवर जुन्याचे नाव, अशी प्रकरणे मी अनेकदा पाहिली. नुकसान खरे असते, माणूस खरा असतो, प्रीमियमही भरलेला असतो. तरी दावा अडतो. आणखी एक मेख आहे. १ सप्टेंबर २०१८ पासून नव्या गाडीला थर्ड पार्टी विमा एकदम तीन वर्षांचा घ्यावा लागतो. त्यामुळे 'विमा चालू आहे' हे विकणाऱ्याचे म्हणणे खरे असूनही स्वतःच्या नुकसानीचा भाग केव्हाच संपलेला असू शकतो. नो क्लेम बोनस तर गाडीचा नसतोच, माणसाचा असतो. तो जुन्या मालकाबरोबर जातो.

गाडी घरी आली की पहिल्या आठवड्यात इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, कूलंट आणि सगळे फिल्टर बदलून घ्यावेत. आधीच्याने कधी बदलले याचा हिशेब करत बसण्यापेक्षा आपली तारीख नव्याने सुरू करावी. इंजिनात टायमिंग बेल्ट असेल आणि तो बदलल्याची पावती नसेल तर तोही बदलावा. तो चालत्या गाडीत तुटला तर बऱ्याच इंजिनांत व्हॉल्व्ह वाकतात आणि खर्च कितीतरी पटींनी वाढतो. पेट्रोलमध्ये आता २० टक्के इथेनॉल असते. एप्रिल २०२३ पूर्वीच्या गाड्या साधारणपणे त्यासाठी बनवलेल्या नाहीत, म्हणून त्यांच्या इंधनाच्या रबरी नळ्या आणि वायसर सर्व्हिसिंगच्या वेळी तपासून घ्यावेत.

खर्चाचा हिशेब अगदी साधा आहे. महिन्याला हजार किलोमीटर, लिटरला पंधरा किलोमीटर आणि पेट्रोल १०५ रुपये धरले तर इंधनालाच सात हजार लागतात. विमा, सर्व्हिसिंग, टायर, बॅटरी वेगळे. माझा ठोकताळा असा, की गाडीच्या किमतीच्या दहा टक्के रक्कम पहिल्या वर्षाच्या दुरुस्तीसाठी बाजूला ठेवावी. तीन लाख खिशात असतील तर पावणेतीनच्या आतली गाडी पाहावी. पंधरा वर्षे पूर्ण होत आलेली गाडी घेताना फेरनोंदणीचाही विचार करावा. २०२२ पासून त्याचे शुल्क सहाशेवरून पाच हजार झाले आणि हरित कर वेगळा. सप्टेंबर २०२५ मध्ये लहान गाड्यांवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. तेव्हा जुनीचा भाव ठरवताना तुलना आजच्या नव्या किमतीशी करावी, विकणाऱ्याने पूर्वी मोजलेल्या किमतीशी नव्हे.

एवढे करूनही जुनी गाडी कधीतरी खर्च काढणारच. ते लोखंड आहे, झिजणारच. फिटर ते दुरुस्त करील. नावाची दुरुस्ती मात्र फिटरला येत नाही. म्हणून व्यवहार ठरवतानाच थोडी रक्कम मागे ठेवण्याचे बोलून घ्यावे आणि आरसीवर आपले नाव चढले, पॉलिसीवर आपले नाव आले, की ती चुकती करावी. आणि तुम्ही विकणारे असाल तर फॉर्म २९ ची पोच जपून ठेवा. गाडी गेल्यावर तिचा तेवढाच कागद तुमच्या उपयोगाचा असतो.

(रेडिओवरील भाषणाचा संपादित भाग)